वॅटच्या आकड्याला भुलू नका

चिपळूणमधील आमच्या एका परिचितांच्या घरी गेल्या वर्षी मोठ्या हौसेने दिवाणखान्यात कॉम्प्युटर बसविण्यात आला. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने मोठा टी.व्ही. घेऊन दिला होता. घरातील लग्नकार्यांच्या चित्रफिती आणि जुने चित्रपट हार्डडिस्कवर साठवलेले होते. ते सर्वांना एकत्र बसून पाहता यावेत, एवढाच हेतू. चार दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. चित्रपटात रात्रीचा प्रसंग आला, पात्रे हळू आवाजात बोलू लागली, की शोकेसमधून घरघर ऐकू येई. शेवटी त्यांच्या वालिदांनी विचारले, "या पेटीत पिठाची गिरणी बसवली का?"

दोष निघाला तो कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळालेल्या एस.एम.पी.एस.चा. म्हणजे घरातील विजेचे कॉम्प्युटरला लागणाऱ्या विजेत रूपांतर करणाऱ्या डब्याचा. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत आपल्याकडे हीच रीत आहे. प्रोसेसरवर तासभर घासाघीस होते, रॅम किती हे शेजाऱ्याला विचारून ठरते आणि एस.एम.पी.एस.चा विषय निघाला की "तो कॅबिनेटमध्ये येतोच" म्हणून मिटतो. आमच्या मते ही रीत विक्रेत्यांनीच मोडली पाहिजे. कॅबिनेटचा भाव वेगळा आणि एस.एम.पी.एस.चा वेगळा लिहिला, तर आपण नेमके काय घेतो आहोत हे ग्राहकाला निदान कळेल.

आवाज पंख्याचा येतो हे खरे, परंतु पंख्याला पळावे का लागते हे पाहिले पाहिजे. एस.एम.पी.एस. २३० व्होल्टचा प्रवाह घेऊन १२, ५ व ३.३ व्होल्टचा प्रवाह देतो. या रूपांतरात काही वीज उष्णता होऊन वाया जाते आणि ती उष्णता बाहेर काढण्याचे काम पंख्याचे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला कॉम्प्युटर चित्रपट दाखविताना साधारण ५० वॅट घेतो असे धरू. एस.एम.पी.एस.ची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर सुमारे २१ वॅट त्या डब्यातच जळतात. तीच ८५ टक्के असेल तर अवघे ९. नऊ वॅटसाठी कोणत्याही पंख्याला धावपळ करावी लागत नाही. विजेच्या बिलातला फरक किरकोळ आहे, कानाला मात्र तो मोठा आहे. पंख्याचा वेग निम्म्यावर आला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणूनच मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचा छोटा पंखा असलेल्या डब्यापेक्षा १२० मिलिमीटरचा, सावकाश फिरणारा पंखा असलेला डबा घ्यावा.

आता वॅटच्या आकड्याविषयी. स्वस्त डब्यावर ठळक अक्षरांत ४५० लिहिलेले असते. ग्राहकाने त्याखालचा बारीक तक्ता वाचावा. आजचा कॉम्प्युटर बहुतेक सर्व वीज १२ व्होल्टच्या तारेवरून घेतो. त्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले असतील तर बारा गुणिले सोळा, म्हणजे १९२ वॅट. मग उरलेले वॅट कोठे गेले? यालाच आपल्याकडे मापात पाप म्हणतात. काट्यावर असा प्रकार झाला तर आपण दुकानदाराशी भांडतो, येथे मात्र मुकाट्याने पैसे मोजतो.

याच्या उलट दुसरी चूक म्हणजे भीतीपोटी ७५० वॅटचा डबा घेणे. '८० प्लस' ही कार्यक्षमतेची खूण २००४ मध्ये सुरू झाली. ब्राँझ, सिल्व्हर व गोल्ड या पायऱ्या २००८ मध्ये आल्या. यात तपासणी होते ती २०, ५० व १०० टक्के भारावर. ५० वॅटचे काम ७५० वॅटच्या डब्याला दिले तर भार सात टक्केही भरत नाही, म्हणजे तपासलेल्या पट्ट्याच्या पुष्कळ खाली. शिवाय ही खूण कार्यक्षमतेची आहे, शांततेची नव्हे. आवाज मोजून दर्जा देण्याचे काम सायबेनेटिक्स ही संस्था करते. तिच्या 'लॅम्डा' खुणेत ए प्लस प्लस हा सर्वांत शांत वर्ग असून त्यात सरासरी आवाज १५ डेसिबलपेक्षा कमी असावा लागतो. ३०० ते ४५० वॅटचा चांगला एस.एम.पी.एस. चित्रपट पाहण्यासाठी पुरून उरतो. मुलांना त्यावर मोठे खेळ खेळायचे असतील तर तो हिशेब निराळा.

काहीजण बिनपंख्याच्या एस.एम.पी.एस.ची शिफारस करतात. थंड हवेत तो उत्तम आहे. मे महिन्यातील कोकणात, तेही काचेच्या बंद शोकेसमध्ये, आम्ही तो सुचविणार नाही. आतील कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला जवळपास निम्मे होते. कमी भारावर पंखा थांबविणारा आणि गरज पडताच सुरू करणारा प्रकार बरा, मात्र शोकेसची मागची फळी कापलेली असावी.

घरात चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर चांगला एस.एम.पी.एस.देखील गुणगुणतो, काही वेळा बंदही पडतो. तेव्हा डब्याला दोष देण्यापूर्वी इन्व्हर्टर पाहावा. आणि आवाज येतो म्हणून घरी डबा उघडून पंख्याला तेल घालण्याचा उद्योग कोणीही करू नये. आतील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो.

बाजाराच्या गोंगाटात एस.एम.पी.एस.चा आवाज ऐकून पारखणे अशक्यच. तो रात्री घरीच कळतो. म्हणून आवाजाच्या कारणावरून आठवडाभरात बदलून देण्याची अट ग्राहकाने बिलावर लिहून घ्यावी असे आम्ही सुचवितो. खोके उघडले की माल जुना झाला, असे दुकानदार म्हणतील. ते चूक नाही. परंतु दोन-तीन नमुने दुकानात ठेवून ग्राहकाला रात्रीपुरता एक नेऊ दिला, तर त्याचा खर्च मेकॅनिकच्या दोन फेऱ्यांपेक्षा जास्त होणार नाही.

आमच्या परिचितांनी असा नमुना मागितला होता. ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला त्यांनी हसून वाटेला लावले. पलीकडच्या गल्लीतील एका तरुण विक्रेत्याने स्वतःच्या टेबलाखालचा ४५० वॅटचा गोल्ड दर्जाचा डबा काढून दिला आणि "ऐकून पाहा, पैसे उद्या" म्हणाला. तो डबा त्यांनी परत केलाच नाही, पैसे नेऊन दिले. त्यांच्या दोन भाच्यांचे कॉम्प्युटर यंदा त्याच दुकानातून आले.