परदेशातली नोकरी, स्पॉन्सर व्हिसा आणि आपला सातबारा

मागच्या महिन्यात बोईसरच्या पूर्वेकडच्या एका गावातले काका कार्यालयात आले. बियाण्याचं काही विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "साहेब, सोसायटीचं पीककर्ज यंदा वाढवून मिळेल का?" भात तेवढाच, क्षेत्र तेवढंच, मग कर्ज वाढीव कशाला? थोडा वेळ गप्प बसले आणि पिशवीतून एक कागद काढला. मुलाला दुबईत डिझाइनचं काम लागलंय, कंपनी व्हिसा स्पॉन्सर करतेय, एजंटला १ लाख ८० हजार द्यायचेत.

मुलगा आय.टी.आय. झालेला, ट्रेड ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. तारापूर एम.आय.डी.सी.त एका ठेकेदाराकडे चार वर्षं कॉम्प्युटरवर पाइपलाइनची ड्रॉइंग काढतो. पोरगं हुशार आहे, त्याचं काम मी पाहिलंय. पण कागद वाचला आणि पोटात गोळा आला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'स्पॉन्सर्ड व्हिसा', आणि मागच्या पानावर बारीक अक्षरांत साठ दिवसांचा व्हिजिट व्हिसा.

शेतीच्या पानावर व्हिसाचं काय काम, असं कोणी म्हणेल. पण पैसा शेतातूनच उभा राहतो. भाताच्या नावावर उचललेलं कर्ज एजंटच्या खिशात गेलं की ते मुदतीत फिटत नाही. मग ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला मिळणारी शून्य टक्के व्याजाची सवलतही जाते आणि पुढच्या खरिपाला खतालाही पैसे उरत नाहीत. कोणी चिकूची वाडी गहाण टाकतो. आदिवासी खातेदाराची जमीन कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जात नाही, तिथं साध्या कागदावर, नोटरीवर व्यवहार होतात. ते टिकत नाहीत, पण तोवर ताबा गेलेला असतो.

आपल्या भागातल्या मुलांना बाहेर मागणी आहे हे खोटं नाही. तारापूरची अणुभट्टी १९६९ साली सुरू झालेली, शेजारी रसायनांचे, औषधांचे, पोलादाचे कारखाने. आपल्या मुलांनी व्हॉल्व्ह, फ्लँज, टाक्या प्रत्यक्ष पाहिल्यात. ज्याने पाइप डोळ्यांनी पाहिलाय त्याच्या ड्रॉइंगमध्ये चुका कमी, हे बाहेरच्या कंपन्यांनाही कळतं. गल्फमध्ये तेल, वायू, पाणी गोडं करण्याचे प्रकल्प आहेत आणि तिथं ड्राफ्ट्समन लागतो. म्हणून पोराला अडवू नका. फक्त स्पॉन्सर या शब्दाचा अर्थ समजून घ्या.

स्पॉन्सर म्हणजे मालक. ज्या देशात जायचं त्या देशातली कंपनी आपल्या सरकारकडून परवानगी घेते की या माणसाला मी कामावर ठेवतो, त्याची जबाबदारी माझी. ही परवानगी कंपनीच्या नावावर निघते, ती बाजारात विकायची वस्तू नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई आहे. इंग्लंडमध्ये स्पॉन्सर कंपन्यांची यादी सरकार जाहीर करतं आणि प्रमाणपत्राची फी कंपनीने कामगाराकडून वसूल करायची नसते. म्हणजे 'स्पॉन्सरशिपचे एवढे लाख' असं कोणी म्हणाला की तिथंच थांबायचं.

गल्फमधल्या स्पॉन्सरच्या पद्धतीला कफाला म्हणतात. त्यात कामगार मालकाला बांधलेला असे, त्याच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. कतारने २०२० साली आणि सौदीने मार्च २०२१ पासून ही गाठ बरीच सैल केली. तरी व्हिसा एका कंपनीचा आणि काम दुसऱ्या कंपनीत, असं झालं की माणूस त्या देशात बेकायदा ठरतो. व्हिजिट व्हिसावर काम करणाऱ्याचंही तेच. माझा एक आतेभाऊ असाच गेला होता. दोन महिने एका खोलीत आठ जण, पगार नाही, परत यायच्या तिकिटाचे पैसे आत्याने म्हैस विकून पाठवले. ज्याने पाठवलं त्याचं दुकान तोवर बंद झालं होतं. त्यामुळे मी या विषयावर जरा कडक बोलतो, रागावू नका.

आता आपल्याकडचा कायदा. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटला भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे. गावातल्या सेवा केंद्रावर पाच मिनिटांत बघता येते. एजंटने नोंदणीचा क्रमांक सांगितला की तो तिथं टाकून बघा; नाव, पत्ता आणि मुदत तिन्ही जुळली पाहिजेत. नोंदणीकृत एजंटलाही कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जी.एस.टी. एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. आमच्या काकांकडे मागितलेले होते त्याच्या सहा पट. विनानोंदणी धंदा करणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजाराला १९८३ साली किंमत होती, आज एजंटच्या एका दिवसाच्या चहापाण्याचा तो खर्च. म्हणून तक्रार करायची तर पोलीस ठाण्यात फसवणुकीचीही करा.

इथं एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची नोंद असते. तो गल्फसह १८ देशांत नोकरीला निघाला तर मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाची मंजुरी लागते. तिथं करार, पगार बघतात आणि प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि कर, त्यात १० लाखांचं अपघाती संरक्षण. दहावी पास मुलाला ही मंजुरी लागत नाही. म्हणजे शिकलेल्या पोराचे कागद सरकारात कोणी बघत नाही, ते घरानेच बघायचे. आय.टी.आय., डिप्लोमावाली मुलं कॉम्प्युटरच्या कामाच्या नावाखाली फसतात त्याचं एक कारण हे. थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी म्हणून नेलेली मुलं सीमेपलीकडे म्यानमारमध्ये कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेत होते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने विमानं पाठवून अशा ५४९ जणांना परत आणलं.

गल्फ सोडून इतर देशांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेचा एच-वन-बी व्हिसा पदवीधरांसाठी. वर्षाला ८५ हजारांची मर्यादा, त्यात लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला गेला. आय.टी.आय.वाल्याने तो नाद सोडावा. इंग्लंडने २२ जुलै २०२५ पासून पदवी पातळीचं काम आणि सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार अशी अट घातली. टंचाईच्या यादीतली काही कामं तेवढी अपवाद.

जर्मनीचा विचार मात्र करण्यासारखा आहे. १ जून २०२४ पासून तिथं 'संधी कार्ड' सुरू झालं. किमान दोन वर्षांचं सरकारमान्य व्यावसायिक शिक्षण असेल तर एक वर्ष तिथं राहून नोकरी शोधता येते. थोडं तरी जर्मन किंवा बऱ्यापैकी चांगलं इंग्रजी लागतं, आणि बाकीच्या गोष्टींवर गुण. पण खात्यात राहण्याखाण्याचे पैसे दाखवावे लागतात. २०२५ साली ते महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे वर्षाचे १३,०९२ युरो होते, म्हणजे बारा-तेरा लाख रुपये. आपल्यातल्या किती घरांत ते आहेत? त्यापेक्षा महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी केलेल्या कराराकडे लक्ष ठेवा. पहिल्या टप्प्यात १० हजार कुशल माणसं पाठवायचं ठरलं. त्यात भर परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशा कामांवर आहे, ड्रॉइंगवाल्यावर नाही. कुठल्याही मार्गाने गेलं तरी तिथं जर्मन आल्याशिवाय फार दूर जाता येत नाही. भाषेला वर्ष जातं, घाई करून येत नाही.

मग मुलाने करायचं काय? काकांच्या मुलाला मी सांगितलं ते असं. डिझाइनच्या कामात मार्कशीटपेक्षा कामाचा नमुना बोलतो. आपली दहा-बारा ड्रॉइंग नीट तयार ठेव. कारखान्याची गुपित ड्रॉइंग उचलून दाखवायची नाहीत. त्यावर गुन्हा होतो आणि चांगली कंपनी असल्या माणसाला दारात उभं करत नाही. मनाने एक छोटा पंपहाउस किंवा टाकी घेऊन त्याची ड्रॉइंग काढ. नुसत्या ऑटोकॅडवर आता भागत नाही, पाइपिंगचं त्रिमितीय सॉफ्टवेअर शिकावं लागेल.

अनुभवाचा दाखला ही आपल्या पट्ट्यातली मोठी अडचण. ठेकेदार चार वर्षं राबवतो आणि पत्र मागितलं की आज देतो, उद्या देतो. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीचा उतारा हा पक्का पुरावा, कुठल्या महिन्यात कुठं होतास ते त्यात दिसतं. या मुलाचा पी.एफ. पहिली अडीच वर्षं भरलेलाच नव्हता. कागदावर त्याचा अनुभव दीड वर्षाचा. माझ्या मते याने आधी डहाणू लोकल धरून मुंबईकडे जावं. पवई, अंधेरी, नवी मुंबईत डिझाइनची कार्यालयं आहेत, त्यांतली काही गल्फच्या प्रकल्पांची ड्रॉइंग इथंच बसून काढतात आणि आपली माणसं कामावर तिकडे पाठवतात. पगार सुरुवातीला बोईसरपेक्षा फार वेगळा नसेल, पासात आणि डब्यात जाईल. पण दोन वर्षांनी अनुभव खरा होईल.

आणि ऑफर आलीच तर तीन गोष्टी बघायच्या. कंपनीचं नाव ऑफरवर, करारावर आणि व्हिसावर एकच आहे का? व्हिसा नोकरीचा आहे की फिरायचा? पगार, जेवण, राहणं, परतीचं तिकीट लिहिलंय का? अमिरातीचं सरकारी नमुन्यातलं ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, ते मागून घ्या. मूळ प्रमाणपत्रं एजंटकडे ठेवायची नाहीत. पासपोर्ट द्यावा लागला तर सहीची पोच घ्या. आणि पैसे रोख कधीच नाहीत.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना (पदांची नावं बदलली, गावात अजून हीच चालतात) एक विनंती. प्रवासी कामगारांसाठी सरकारचा मोफत फोन आहे, १८०० ११ ३०९०. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पीकविम्याच्या मुदतीशेजारी तो लिहा. १ मेच्या ग्रामसभेत दहा मिनिटं काढून ई-मायग्रेटवरचं नाव कसं बघायचं ते दाखवा. सोसायटीच्या सचिवांनीही बिनपिकाचं वाढीव कर्ज मागणाऱ्याला एकदा बसवून विचारावं, खर्च कशाचा आहे.

काकांच्या एजंटचं नाव आम्ही यादीत शोधलं. सापडलं नाही. मुलगा अजून नाराज आहे. त्याचे दोन मित्र त्याच एजंटकडून मे महिन्यात जाणार आहेत, दोघांनीही पैसे भरलेत. त्यांच्या वडिलांपैकी कोणी हे वाचत असेल तर पावती आणि व्हिसाचा कागद घेऊन या. सोमवारी दुपारपर्यंत मी कार्यालयात असतो, नंतर भातखाचरांवर.