बाहेरून आणा

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर आजारपणाचा विषय नको, असं काही स्नेह्यांनी सुचवलं होतं. आम्ही तो मुद्दाम घेतला आहे. सणाच्या दिवसांतही वॉर्ड भरलेले असतात.

महापालिका रुग्णालय चालवते ते गरिबांवर उपकार म्हणून नव्हे. मुंबईचा १८८८ चा कायदा असो की राज्यातल्या इतर महापालिकांचा १९४९ चा, दोन्हींत कर्तव्यं दोन प्रकारची आहेत: पार पाडलीच पाहिजेत अशी आणि ऐपतीप्रमाणे करावीत अशी. सार्वजनिक दवाखाने, रुग्णालयं पहिल्या प्रकारात येतात, ग्रंथालयं दुसऱ्या. पुस्तकांवर जीव असलेल्या आम्हालाही हा क्रम मान्य आहे.

प्रत्यक्षात काय होतं? मानखुर्दहून सकाळीच निघालेली बाई मोठ्या रुग्णालयात केसपेपर काढते, ओपीडीच्या बाकावर नंबराची वाट बघते. डॉक्टर दोन मिनिटांत तपासतात. त्यांच्यापुढची रांग बघितली तर त्यांना तरी काय बोल लावणार? एमआरआयला पुढची तारीख मिळते, औषधांच्या चिठ्ठीवर ‘बाहेरून आणा’ असा शेरा पडतो. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. तिला कोणी नाही म्हटलेलं नसतं, पण उपचारही झालेले नसतात.

१९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला डोक्याला जबर मार लागला. एकामागून एका सरकारी रुग्णालयानं त्याला पुढं धाडलं: कुठं खाट रिकामी नाही, कुठं सोय नाही. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये मोजून तो वाचला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला पंचवीस हजारांची भरपाई दिली. वेळेवर उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असं न्यायालयानं बजावलं. त्याआधी १९८० मध्ये रतलामच्या उघड्या गटारांच्या खटल्यात नगरपालिकेनं तिजोरीकडं बोट दाखवलं होतं, तेही न्यायालयानं ऐकून घेतलं नव्हतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाचं नव्यानं बांधकाम चालू असल्यानं तिथला भारही कळव्यावर आला होता. नवी इमारत हवीच, पण ती उभी राहीपर्यंत रुग्णांनी जायचं कुठं, याचं उत्तर पहिली वीट पाडण्याआधी तयार असायला हवं होतं. चौकशी समिती नेमली गेली. पण रुग्णांनी जायचं कुठं, हे विचारायला तेव्हा सभागृहात नगरसेवकच नव्हते. ठाण्याप्रमाणे मुंबईचा कारभारही मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिला.

अंदाजपत्रकात खाटा किती, यंत्रं किती, एवढंच मोजलं जातं. आमचा आग्रह वेळ मोजण्याचा आहे. सोनोग्राफीची तारीख किती दिवसांनी मिळते, ‘बाहेरून आणा’ असं किती चिठ्ठ्यांवर लिहिलं गेलं, दुसरीकडं धाडलेल्या रुग्णाला तिथं खाट मिळाली का, हे प्रत्येक महापालिकेनं दर महिन्याला रुग्णालयाच्या दारावर मराठीत लावावं. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला वाचकांनी हे आकडे विचारावेत, आणि ते ठाऊक नसतील तर शोधून पुन्हा यायला सांगावं.