नागपूरचा कूलर परळमध्ये का चालत नाही? उकाड्यात अंग थंड ठेवण्याचं साधं गणित

'नागपुरात ४४ अंश असतात, तुम्ही मुंबईकर ३४ लाच रडता!' उन्हाळा आला की हा मीम फिरायला लागतो. पण नागपूरहून कुणी पाहुणा मे महिन्यात परळच्या चाळीत उतरला की दुसऱ्याच दिवशी म्हणतो, 'इथे घाम वाळतच नाही.'

या एका वाक्यात मुंबईच्या उकाड्याचं सगळं कोडं आहे. अंग थंड करायचे बरेचसे उपाय आपण कोरड्या हवेच्या गावांकडून उचललेत. दमट परळमध्ये त्यातले काही उपाय फुकट जातात, तर काही चक्क उलटतात.

घाम येतो, मग थंड का वाटत नाही?

घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होतं. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम टपटप खाली गळला, तर पाणी आणि मीठ गेलं, पण उष्णता अंगातच राहिली.

हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम वाळणार कुठे? हे मोजायची एक सोपी पद्धत आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्यावर वारा घालायचा. पाणी वाळून पारा जिथपर्यंत खाली येतो, त्याला 'वेट बल्ब' तापमान म्हणतात. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या नागपूरच्या दुपारी हा आकडा २३ च्या आसपास येतो. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या परळमध्ये तो २८ च्या आसपास असतो.

म्हणजे पाणी शिंपडून नागपूरची हवा २० अंशांनी खाली आणता येईल, परळची जेमतेम सहा. वाळ्याचा कूलर विदर्भात राजा आणि मुंबईत बिनकामाचा, तो यामुळेच. बंद खोलीत लावला तर हवा आणखी दमट होते आणि उरलासुरला घामही वाळेनासा होतो.

परळला हे नवीन आहे का?

नाही. गिरणगावाला हा प्रकार चांगलाच ठाऊक आहे. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरण्यांच्या विणकाम खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवली जायची. कामगार त्या वाफेत आठ-आठ तास उभे राहायचे.

आज त्याच गिरण्यांच्या जमिनीवर काचेचे टॉवर आहेत. आत एसी, आणि आतली उष्णता बाहेर रस्त्यावर. समोरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत चार-पाच जण झोपतात. जुन्या चाळीत निदान गॅलरी आणि समोरासमोरची दारं-खिडक्या असतात, त्यामुळे वारा आरपार जातो. एकाच बाजूला खिडकी असलेल्या बंद घरात तेवढीही सोय उरत नाही.

आणि केईएम, टाटा रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर गावाहून आलेले रुग्णांचे नातेवाईक असतात. त्यांच्याकडे पंखाही नसतो.

३८ अंशांत माणूस दगावू शकतो?

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशीचं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भात हा आकडा कुणाला बातमीही वाटला नसता.

म्हणूनच हवामान विभागाचे निकष वेगळे आहेत. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून होतो, किनारपट्टीवर ३७ पासून, अर्थात पारा सरासरीच्या किमान ४.५ अंश वर असेल तर. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मुंबईला असा इशारा मिळाला, तेव्हा कॅलेंडरवर थंडी अजून सरलीही नव्हती.

मग परळमध्ये नेमकं काय चालतं?

पंखा आणि ओलं अंग. पंखा हवा थंड करत नाही. तो त्वचेला चिकटलेला दमट थर उडवून लावतो. हात, मान, पाठ ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली बसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार हवा ४० अंशांच्या वर गेली की पंख्याचा भरवसा धरू नये. मुंबईत अशी वेळ क्वचित येते, म्हणून पंखा इथे कूलरपेक्षा सरस.

हात-पाय पाण्यात. तळहात आणि तळव्यांमध्ये शरीराची उष्णता बाहेर टाकणाऱ्या खास रक्तवाहिन्या असतात. नळाच्या पाण्याच्या बादलीत १०-१५ मिनिटं पाय ठेवा. यात काही वाळायची गरज नाही, त्यामुळे दमटपणा आड येत नाही. पाणी सकाळीच येऊन जात असेल तर एक बादली रात्रीसाठी राखून ठेवा. झोपण्याआधी अंघोळ केली तर आणखी चांगलं.

पाणी आणि मीठ. ताक, कोकम सरबत, कैरीचं पन्हं चांगलंच, पण मीठ विसरू नका आणि साखर आवरा. खूप घाम गेला असेल तर ओआरएस. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातल्या प्रत्येक गोड खोक्यात ओआरएस नसतं. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने प्रमाणित सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. हृदय, किडनी किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर पाणी-मीठ किती घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

खिशात कांदा ठेवल्याने काहीही होत नाही. तो पोह्यात घाला.

उष्माघात झाला, हे कसं ओळखायचं?

थकवा, चक्कर, पायात गोळे आले तर सावलीत बसवा, पाणी द्या. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, फिट आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. शरीराचं आतलं तापमान अशा वेळी ४० च्या वर गेलेलं असू शकतं. 'अंगाला घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही' हा समज चुकीचा आहे. दमट हवेत, मेहनतीचं काम करताना घामाने निथळतानाही उष्माघात होतो.

१०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट बघत थांबू नका. कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नाही.

या उन्हाळ्यात परळ स्टेशनवरून केईएमकडे चालताना फूटपाथवर कुणी भिंतीला टेकून गप्प बसलेलं दिसलं, तर नाव आणि गाव विचारा. उत्तर नीट आलं तर पाण्याची बाटली द्या. गडबडलं तर तीच बाटली त्यांच्या डोक्यावर ओता आणि १०८ लावा.