गायरानात स्टायलो पेरा, पण सगळे गायरान बंद करू नका

मला वाटते, आपल्या गायरानात स्टायलो पेरावे. का ते सांगतो.

मी रविवारी आजीच्या दोन शेळ्या गायरानात नेतो. पावसाळ्यात तिथे कुसळी गवत येते. ते पिकले की कुसळे टोचतात, मग शेळ्या तोंड लावत नाहीत. दिवाळीनंतर तर नुसता मुरूम आणि दगड. आजी म्हणते, "शेरडं दिसभर हिंडत्यात, अन् पोट रिकामंच."

गुरुजींनी आम्हाला भुईमुगाचे झाड मुळासकट उपटून दाखवले. मुळांवर बारीक गाठी होत्या. मी एक गाठ नखाने फोडली, तर आतून गुलाबी! गुरुजी म्हणाले, गाठीत जिवाणू राहतात. हवेच्या १०० भागांत सुमारे ७८ भाग नत्र असतो, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. जिवाणू तो झाडाला घेता येईल असा करून देतात. झाड त्यांना साखर देते. म्हणजे ही सावडच झाली! पुढे पाला आणि मुळे कुजली की तो नत्र मातीला मिळतो. मग शेजारचे गवतही जोमाने वाढते.

स्टायलोला लोक गवत म्हणतात, पण ते तूर-हरभऱ्याच्या कुळातले आहे. ते मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत, कमी पाण्यावरही ते येते. बी पडून पुन्हा उगवते.

पण एक अडचण आहे. पेरल्यावर रोपे मोठी होईपर्यंत तिथे जनावरे सोडायची नाहीत. मी घरी हे सांगितले तर आजी रागावली. म्हणाली, "मग माझी शेरडं काय दगड खातील?" आजीचे खरे आहे. ज्यांना शेत नाही त्यांना गायरान हेच शेत.

म्हणून माझे मत असे, की या वर्षी फक्त पाव भाग राखावा, बाकी चराईला मोकळा ठेवावा. पुढच्या वर्षी दुसरा पाव भाग घ्यावा. राखलेल्या भागातला चारा विळ्याने कापून आणावा, आणि पहिला भारा शेत नसलेल्यांच्या घरी द्यावा. हे ऐकून आजी म्हणाली, "असं असंल तर चालंल."

पालकांनो, ग्रामसभेत हा विषय काढा. आम्ही मुले पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाजवळ एक वाफा करणार आहोत. तो बघायला नक्की या.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी