तंबू सुटला, चारा कोणाचा?

विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढे शतकभर वाघ-सिंह हेच तंबूचे वैभव मानले गेले. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कायद्याचे काम तिथे संपले, जनावरांचे आयुष्य मात्र उरलेच.

त्यांना जंगलात सोडा, ही मागणी भाबडी आहे. ज्याने जन्मात शिकार केली नाही, त्या सिंहाला कोणते रान तारणार? शिवाय यातले बरेच सिंह आशियाई-आफ्रिकी संकरातले. गीरच्या वंशात त्यांना मिसळू देणे अशक्यच. म्हणून बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम अशा ठिकाणच्या बचाव केंद्रांत त्यांची सोय झाली. वेळेवर मांस, औषधपाणी, पाय मोकळे करायला माती. पिल्ले मात्र होऊ द्यायची नाहीत. रहिवासी संपले की केंद्रही संपावे, अशीच ही योजना. ती योग्यच होती.

हत्ती मात्र १९९८ च्या बंदीच्या यादीत नव्हता. साठ-सत्तर वर्षे जगणारे, साखळीने घोटे सोललेले, तळवे बिघडलेले हे जनावर सांभाळणे सिंहाहून कितीतरी जिकिरीचे. मथुरेत २०१० पासून हत्तींसाठी केंद्र आहे, तिथे सर्कशीतून सुटलेल्या हत्तिणीही आल्या. सुटकेच्या दिवशी छायाचित्रे छापून येतात. विसाव्या वर्षीच्या चाऱ्याचे बिल कोणी छापत नाही. त्या खर्चाची तरतूद सरकारने जप्तीच्या आदेशातच करावी.