ओळख पटवा, साठवू नका

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. ज्याच्याजवळ कसलाच कागद नव्हता, अशा वनवासी माणसाला ‘मी मीच आहे’ हे सिद्ध करता यावे, हा त्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य होता.

आज वेरूळ-अजिंठ्यासाठी छत्रपती संभाजीनगरात उतरणाऱ्या प्रवाशाकडे लॉजवर आधारची झेरॉक्स मागितली जाते व ती गल्ल्याखालच्या फाइलीत वर्षानुवर्षे पडून राहते. त्या फाइलीचा वाली कोण?

मोबाइलवरील व्यवहारांतही हेच घडते. ग्राहकाच्या लॉगिनची यंत्रणा आखणाऱ्या आर्किटेक्टचे पहिले काम दारातल्या माणसाची ओळख पटविणे. त्याचे घर कपाटात भरून ठेवणे नव्हे. परंतु ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र असे सारेच मागून घेतले जाते. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो; जन्मतारीख कशी बदलणार?

वास्तविक आधारच्या साध्या पडताळणीत विचारणाऱ्यास केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. शेवटचे ४ अंक दाखविणारे आधारपत्र आहे, २०१८ पासून १६ अंकी आभासी क्रमांकही आहे. विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानेही संमती आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मानली आहे. सोय आहे, कायदा आहे. मागणाऱ्याची सवय तेवढी सुटलेली नाही. आणि देणाऱ्याचीही! खिडकीवर ‘पूर्ण क्रमांक कशासाठी?’ असे आपल्यापैकी किती जण विचारतात?