बॅगेला भगवंतांचा फोटो नको, सुताची खूण पुरे



शिखरजीच्या यात्रेला नाव नोंदवलं की बऱ्याच ठिकाणी टोपी, पिशवी आणि बॅगेला अडकवायचा प्लॅस्टिकचा टॅग मिळतो. टॅगच्या एका बाजूला पार्श्वनाथ भगवंतांचा फोटो, दुसऱ्या बाजूला दातारांचं नाव. यात्रेकरूचं नाव लिहायला जागा बोटभर. आज मी या टॅगच्या विरोधात लिहिते आहे. कोणाला राग आला तरी चालेल.

मागच्या यात्रेहून परत येताना गाडीत असाच एक टॅग तुटून सीटखाली पडला होता. वर भगवंतांचा फोटो आणि त्यावरून चपला जात होत्या. मंदिरात आपण पाय धुऊन जातो, चामड्याचा पट्टा बाहेर काढून ठेवतो. मग तोच फोटो शौचालयाच्या दारापाशी ठेवलेल्या बॅगेवर कसा चालतो? हा अविनयच आहे. भक्तीने छापला म्हणून तो कमी होत नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात, १९७४-७५ साली, सगळ्या संप्रदायांनी मिळून मान्य केलेलं अहिंसेच्या हाताचं प्रतीकही बॅगेवर नको.

दातारांनी दिलं ते चांगलंच केलं. पण त्यांचं नाव माझ्या बॅगेवर लिहून माझी बॅग मला कशी सापडणार?

"एवढ्या जणींचे टॅग बनवणार कोण?" असं एका काकूंनी विचारलं. आपणच! स्वाध्याय झाल्यावर एक दुपार बसलो तर अख्ख्या बसचे टॅग होतील.

जुन्या पुठ्ठ्याचा चार इंच बाय अडीच इंच तुकडा कापा. जुन्या सुती साडीचं कापड दोन्ही बाजूंनी घेऊन कडेने धावदोरा घाला. कणकेची खळ लावू नका. तिला किडे लागतात, आणि मग जीवहिंसेचं निमित्त आपणच होतो. कापडावर पक्क्या शाईने नाव आणि मोबाईल नंबर लिहा. घरचा पत्ता लिहू नका, घर बंद असल्याची जाहिरात कशाला? वरच्या टोकाला भोक पाडून त्याची कड दोऱ्याने शिवून घ्या. जाड सुताचे तीन पदर घेऊन वीतभर वेणी घाला, भोकातून ओवून गाठ मारा, टोकाला गोंडा सोडा. एका बसला एकच रंग ठेवा, म्हणजे ढिगातून आपल्या बॅगा लांबूनच ओळखू येतात.

गुलमंडीवर दोरा घेताना मात्र "सुती" असं स्पष्ट सांगा. लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा अॅक्रिलिक असते, म्हणजे पुन्हा प्लॅस्टिकच. रेशीम तर नकोच. पैठण आपल्या शेजारी असलं तरी कोश उकळूनच रेशीम निघतं, हे विसरून कसं चालेल? बाजारातले चामड्याचे टॅग घेण्याचा तर प्रश्नच नाही.

"दहा रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप?" असंही कोणी म्हणेल. पण विकतचे टॅग डझनाने येतात आणि मग बॅगाही वाढत जातात. हाताने करायचे म्हटलं की माणूस मोजतो. आमच्या घरी यंदा माणशी एकच टॅग केला, म्हणून बॅगही एकच निघाली. अपरिग्रहावरचं प्रवचन ऐकून जे जमलं नाही, ते या गोंड्याने जमवलं!

शेवटी शिखरजीच्या २७ किलोमीटरच्या वंदनेला कोणती बॅग वर येते? सगळ्या खाली मधुबनातच राहतात. परतल्यावर आपली बॅग आपल्याला ओळखू यावी, एवढंच त्या टॅगचं काम. भगवंतांचं दर्शन टोंकांवर घ्यायचं, बॅगेवर नाही.

पुढच्या यात्रेची बैठक होईल तेव्हा हे उठून बोला. मी तर बोलणारच आहे.